पुजलेले बेल्ट

इंदुरीचा बद्रुद्दीन माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचा, आधी मांड्यांकडे. आता लगेच तोंडाला पदर लावू नका. त्याचं कामच तसलं होतं. आंबीला कारखान्यांच्या शेडी उभ्या राहतात ना, तिथं उंचावर चढणाऱ्या गड्यांना सेफ्टी बेल्ट नीट घालायला शिकवायचा, ह्यासाठी कंपनीनं त्याला ठेवला होता. बेल्ट म्हटलं की तुम्हाला कमरेचा वाटेल. तसला नव्हे. खांद्यांवरून दोन पट्टे, छातीवर एक, दोन्ही मांड्यांना एकेक, पाठीवर कडी, कडीला दोरी, दोरीला हूक. खुंटीला टांगलेला असला तर घोड्याचं सामान कुणी विसरून गेलंय असं वाटावं.

माझी खानावळ त्या फाटकाला लागूनच. त्यामुळे बद्रूभाऊची शाळा मला तव्यावरून मान न उचलता दिसायची. आणि शाळा कसली, तमाशाच तो. नवीन गडी आला की हा त्याच्या हातात बेल्ट द्यायचा आणि स्वतः उलट्या बादलीवर गप बसायचा. गडी तो गुंता चारी बाजूंनी फिरवून बघायचा. एखादा मांडीच्या पट्ट्यात हात घालायचा, एखादा डोकंच घालायचा. एकानं तर पाठीवरची कडी पोटावर घेऊन वर मिशीला पीळ दिला होता. बद्रूभाऊ त्याला म्हणाला, "व्वा! आता तुला टांगला की तू आभाळाकडं बघत झोपशील. उशी देऊ का?"

मग तो स्वतः उठून एकेक पट्टा बसवायचा. मांडीच्या पट्ट्यात बोटं सपाट गेली पाहिजेत, पण मूठ जाता कामा नये, हा त्याचा कायदा. ती बोटं घालून बघायची वेळ आली की गडी लाजेनं लाल. एकीकडे गुदगुल्या, दुसरीकडे समोर मी भाकरी थापत बसलेली.

"मावशी, जरा तिकडं तोंड करा की!"

"अरे, तुझ्यासारखी कितीतरी लेकरं न्हाऊ घातलीत मी. तू काय वेगळं आणलंयस रे?"

असा सगळा चेष्टेचा कारभार. पण खरी गंमत पुढं होती. आवारात त्यानं एक लोखंडी चौकट उभी करून घेतली होती. गडी तिला 'पाळणा' म्हणायचे. बेल्ट घातलेल्या माणसाला त्या पाळण्याला पाठीवरच्या कडीनं टांगायचं, जमिनीपासून जेमतेम वीतभर. ज्याचे मांडीचे पट्टे ढिले, त्याचे ते सर्रकन वर सरकायचे आणि नको तिथं रुतायचे. भलेभले पैलवान आईच्या नावानं बोंबलायचे. बद्रूभाऊ दाढी खाजवत विचारायचा, "काय रं, हितं वीतभरावर ही गत, तर वर काय व्हईल?" मग खाली उतरवायचा. तो गडी पुन्हा कधी पट्टा ढिला ठेवत नसे. निदान पुढचे काही दिवस तरी.

काही दिवसच, कारण आपल्या माणसांची एक खोड. जेवायला बसायचं तर मांडी घालून किंवा उकिडवं. त्या घट्ट पट्ट्यांत तसं बसताच येत नाही. मग वरून उतरले की छातीचं बक्कल लावलेलंच, मांडीचे पट्टे तेवढे सोडायचे. जेवायचं, तंबाखू मळायची, आणि तसंच लोंबतं लचांड घेऊन पुन्हा वर. लांबून बघणाऱ्याला वाटतं, बेल्ट घातलाय. कार्ल्याचा श्रीपती असाच गेला.

श्रीपती आणि बद्रुद्दीन मिसरूड फुटल्यापासून जोडीनं लोखंडावर चढणारे. त्या दिवशी जेवून दोघं वर गेले. श्रीपतीचा पाय सटकला. दोरीनं बेल्टला धरलं, पण बेल्टनं श्रीपतीला धरलं नाही. हात वर झाले आणि तो खालून निसटला, लहान पोर झबल्यातून निसटतं तसा. बद्रुद्दीन वरच होता. त्याच्यासमोर रिकामा बेल्ट झुलत राहिला, छातीचं बक्कल लावलेलंच. तेव्हापासून त्यानं चढणं सोडलं आणि हे शिकवणं धरलं.

शिकवणं म्हणजे छळच म्हणा ना. जेवण उरकायच्या वेळेला माझ्या दारात येऊन उभा राहायचा. हात धुवून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला अडवायचा, "बडीशेप मागनं. आधी पट्टा." मी म्हणायची, "बद्रूभाऊ, माझं गिऱ्हाईक तू दारातच चाचपतोस, लोक काय म्हणतील?" तो म्हणायचा, "लीलाबाई, तुझ्या हातची भाकर खाऊन गडी जड व्हत्यात. म्हणून तपासावं लागतंय." माझ्या पुतण्याच्या लग्नात वरातीचा बँड थांबवून ह्यानं नवरदेवाच्या घोड्याचा तंग आवळला होता. नवरदेव वर बसलेला, करवल्या नाचायच्या थांबलेल्या, आणि हा घोड्याच्या पोटाखाली बोटं घालतोय! मी त्याला त्यावरून वर्षभर पिडलं.

आता सोपानचं सांगते, कारण ही गोष्ट त्याच्याशिवाय होत नाही. सोपान आंबीतला, वर पत्रे बसवणाऱ्या टोळीचा मुकादम. ज्या जमिनीवर शेडी आहेत त्यातली निम्मी त्याच्या भावकीचीच होती. गावात शब्दाला वजन. त्याची आणि बद्रुद्दीनची अशी गट्टी, की अफसाना, म्हणजे बद्रूभाऊची बायको, डबा भरतानाच पावट्याची आमटी दोघांच्या मापानं घालायची. दोघं एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय घास गिळत नसत.

खंडेनवमीला टोळीची हत्यारं पुजायची पद्धत. ताडपत्री अंथरायची, त्यावर नट आवळायचे पाने, ड्रिल, पत्र्याच्या कात्र्या आणि सगळे बेल्ट ओळीनं मांडायचे. झेंडू इंदुरीहून बद्रूभाऊ आणायचा. मांडायचाही तोच, कारण बेल्ट दुसऱ्या कुणी घडी घातलेला त्याला खपत नसे. आणि नारळ त्यानंच फोडायचा, हा सोपानचा हट्ट. "बद्रूच्या हातचा नारळ कवा नासका निघाला न्हाई," म्हणायचा.

यंदा नवरात्रात बद्रुद्दीन लोणावळ्याला बहिणीकडे. भाचीचं लग्न. सोपानच्या डोक्यात आलं, तो परत येईस्तोवर बेल्ट असे चकाचक करायचे की त्यानं तोंडात बोट घालावं. बेल्ट होतेच तसे मळलेले. लोखंडाला रंग मारायचं कामही हीच टोळी करते, त्यामुळे लाल, राखाडी, सगळे शिंतोडे अंगभर. सोपाननं बादल्यांत रंग काढायचं थिनर ओतलं. गड्यांनी बेल्ट बुडवले, ब्रशनं घासले, उन्हात तारेवर वाळत घातले. खरं सांगते, नव्या नवरीच्या शालूसारखे दिसत होते. मग एकानं ऑइलपेंटनं प्रत्येक बेल्टच्या पाठीवरच्या गादीवर लाल स्वस्तिक काढलं. हळदकुंकू वाहिलं, फुलं ठेवली. मीसुद्धा पदर सावरून एकेक फूल वाहिलं. कुणाच्या मनात काही वाकडं नव्हतं. मायेनंच केलं होतं सगळं.

दसऱ्यानंतर बद्रूभाऊ कामावर आला. हातात लग्नातल्या लाडवांची पिशवी. मी सामानाच्या कोठीत गड्यांना चहा देत होते. त्यानं दारात पाऊल टाकलं आणि नाक वर केलं.

"कसला वास हाय रं?"

"तूच वळख," सोपान म्हणाला. आणि पोरगी दाखवायला आणावी तसा एक बेल्ट पुढं धरला. "हाय का नव्यावानी?"

"कशानं धुतलं?"

"आदी म्हण, झ्याक हाय म्हणून."

"सोपान, कशानं धुतलं?"

"थिनर. आख्खं डबडं रिकामं केलं तुझ्यापायी. सायबाला बोलू नको."

बद्रुद्दीन सिमेंटच्या पोत्यावर बसला. लाडवांची पिशवी मांडीवर तशीच. "आरं मर्दा, थिनर धागा खातं. वरनं दिसत न्हाई. आत काय ऱ्हायलं आन् काय गेलं, ते माणूस लटकल्यावरच कळतं."

"धुतलंय लेका, जाळलं न्हाई."

"आता हे घालायचं न्हाईत. एकबी न्हाई."

"मग टाकून दे."

"नुसतं टाकून चालत न्हाई. टाकलेला कुणीतरी उचलून घालतोच. कापाय लागतो."

सगळ्यांच्या नजरा त्या बेल्टांवर. स्वस्तिक, वर कुंकू, सुकत चाललेला झेंडू. आणि समोर बद्रुद्दीन. कोण काय विचार करतंय ते मला चुलीतल्या धुरासारखं दिसत होतं. शेवटी मीच तोंड उघडलं.

"बद्रूभाऊ, कापायचे तर कुणीही कापू दे. पण तू नको कापू."

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं. त्याला माझ्या आधीच कळलं होतं.

"मग सोपान कापंल," तो म्हणाला.

सोपाननं दोन्ही हात मागं घेतले. "म्या? पुजलेलं? हात झडंल माझा."

मग बद्रूभाऊनं सगळे बेल्ट गोळा करून कोठीतल्या पेटाऱ्यात घातले, कुलूप लावलं आणि ऑफिसात जाऊन सांगितलं, नवे मागवा, तोवर वरचं काम बंद. तिथले साहेब कामाच्या घाईत. पत्रे येऊन पडलेले, वरून रोज फोन. ते म्हणाले, नव्यांना वेळ लागेल, बघू.

त्यांचं बघणं दुसऱ्या दिवशी सकाळीच कळलं. मी गड्यांना पोहे देत होते. बद्रूभाऊ अजून यायचा होता. ऑफिसातून कुणीतरी दुसरी किल्ली आणली, पेटारा उघडला आणि बेल्ट वाटले. गड्यांनी घातले. सोपाननंही घातला. मी म्हटलं, "अरे, काल काय सांगितलं त्यानं?" तर सोपान म्हणाला, "मावशी, चार थेंब थिनरनं काय हत्ती मरतो व्हय? सायबाचा हुकूम हाय."

निम्मे गडी शिडीवर होते तेव्हा बद्रुद्दीन फाटकातून आत आला. मी त्या माणसाला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. गडी निमूट उतरले, कारण ओरडणारा तो होता. त्यानं एकेकाच्या अंगावरचा बेल्ट स्वतः काढला. ढीग केला. पत्रा कापायची कात्री उचलली आणि आधी सोपानपुढं धरली.

"घे. तू मुकादम हायस. तुझ्या हातानं काप."

सोपान पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

मग बद्रुद्दीन खाली बसला. पहिला बेल्ट उचलला. गादीत अडकलेल्या झेंडूच्या पाकळ्या हलक्या हातानं वेचल्या आणि बाजूच्या चौथऱ्यावर ठेवल्या. कात्री लावली ती खांद्याच्या पट्ट्यांना आणि मांडीच्या पट्ट्यांना. स्वस्तिक काढलेल्या गादीला त्यानं कात्रीचं टोकसुद्धा लागू दिलं नाही. एकेक गादी सुटी करून वेगळी ठेवत गेला, पालथी नाही, उताणी. मी तिथं होते. मी बघितलंय.

पण कुणीतरी मोबाईल धरला होता. आणि मोबाईलला तेवढं दिसलं नाही. त्यात दिसली एक मेंदी लावलेली दाढी, एक कात्री, आणि कुंकवाचे लाल पट्टे. थिनरचं डबडं त्यात नव्हतं. पाकळ्या नव्हत्या. शिडीवरून उतरलेली माणसं नव्हती.

दुपारपर्यंत ते पार कार्ल्यापर्यंत फिरलं. खाली लिहिलेलं, पूजेच्या वस्तूंची विटंबना. जेवणाच्या वेळेला फाटकाशी मोटारसायकली येऊन थांबल्या. ही पोरं आमचीच, आंबीतली, शेजारच्या वाड्यांतली. माझ्याकडे मिसळ खाणारी. त्यातल्या एकानंही उभ्या जन्मात बेल्ट अंगाला लावला नव्हता.

"कुटं हाय त्यो?"

मी कालथा घेऊनच बाहेर गेले. म्हटलं, "त्यानं कापले म्हणून तुमचे चुलते आज घरी जेवायला येतील. थिनर लावलं होतं त्या बेल्टांना. विचारा तुमच्या मुकादमाला."

"मावशी, तुमी मधी पडू नका."

"बरं, मी नाही पडत. सोपान, तू पड की."

सोपान तिथंच होता. गावचा माणूस, ह्या पोरांतल्या दोघांचा तर सख्खा काका लागतो. त्यानं एवढंच म्हणायचं होतं, की थिनर मी ओतलं आणि बेल्ट बाद झाले. पोरं माना खाली घालून परत गेली असती. बद्रुद्दीन ऑफिसच्या खिडकीत उभा होता, साहेबांनी त्याला आत बसवून ठेवलेलं. तोही सोपानकडेच बघत होता. अख्खी टोळी बघत होती.

सोपाननं शर्टाची बाही दुमडली. पुन्हा उलगडली. मग म्हणाला, "म्या वर व्हतो. मला काय म्हाईत न्हाई."

झालं. बद्रुद्दीनला मागच्या फाटकानं घरी पाठवलं. साहेब म्हणाले, वातावरण निवळेपर्यंत येऊ नका. वातावरण कुणी ढवळलं ते कुणी विचारलं नाही, आणि ते कधी निवळणार तेही कुणी सांगितलं नाही. कंपनीनं फाटकावर दिलगिरीचा फलक लावला. नवे बेल्ट, ज्यांना लय वेळ लागणार होता, ते असे झटकन आले की विचारू नका. त्यांची पुन्हा पूजा झाली. नारळ सोपाननं फोडला. मी गेले नाही. माझं दूध उतू जात होतं.

गड्यांच्या अंगावर आज नवेकोरे बेल्ट आहेत ते त्या कात्रीमुळं. आणि ज्यानं कात्री चालवली तो इंदुरीत घरी. शिकवायला आता मोबाईलवर फिल्म दाखवतात. गडी ती बघताना तंबाखू मळतात. पाळण्यावर कुणीतरी ओली फडकी वाळत घातलेली असतात.

सोपान माझ्याकडे जेवायला येतच होता. मी आपली वाढायची. एक दिवस राहवलं नाही. भात वाढता वाढता म्हटलं, "अजून घालू? का दोस्ताला खाऊन पोट भरलं?" हसत म्हटलं, पण मला हसू कुठलं. त्यानं ताट सरकवलं. मग म्हणाला, "मावशी, चल. इंदुरीला जाऊ. मला एकट्याला जमायचं न्हाई."

मी तशीच पदराला हात पुसून त्याच्या मोटारसायकलवर बसले.

बद्रुद्दीन ओट्यावर ताडपत्री शिवत होता. मेहुण्यानं दिलेलं काम, ट्रॅक्टरवर टाकायची. आम्हाला बघून उठला नाही आणि बसा म्हणायलाही चुकला नाही. अफसानानं चहा आणला. मी म्हटलं, "काय बद्रूभाऊ, बायकोनं शेवटी सुईदोऱ्याला लावलं का?" तो हसला, थोडासा. माझ्या समाधानाला.

सोपान कपाकडं बघत म्हणाला, "बद्रू, चुकलं माझं."

"कुणाला सांगतुयास?"

"तुलाच."

"मला म्हाईत हाय की. मी खिडकीतच व्हतो. ज्यांना म्हाईत न्हाई त्यांना सांग."

"गावात ऱ्हायचंय मला, बद्रू. भावकी हाय, पोरीचं लगीन हाय..."

"व्हय. मलाबी ह्याच मावळात ऱ्हायचंय."

अफसाना दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली, "सोपानभाऊ, आमची नात आयरा शाळेतनं आली ती रडतच. पोरींनी विचारलं तिला, तुझ्या आजोबानं देव कापला का? मी काय सांगू तिला, तेवढं तुमी सांगा. तुमच्या शब्दात सांगते."

सोपाननं कप खाली ठेवला. बद्रुद्दीननं दाभण ताडपत्रीत खोचून ठेवला. आवाज चढवला नाही.

"सोपान, म्या तुझ्याकडं नोकरी मागत न्हाई. त्या फाटकापाशी, ज्या पोरांम्होरं तू न्हाई म्हणलास, त्यांच्याम्होरं एकडाव म्हण, थिनर म्या ओतलं. तेवढंच. मग ये हितं. दोघं मिळून च्या पिऊ."

"बघतो," सोपान म्हणाला.

"बघ."

कप निम्मा तसाच राहिला. आम्ही निघालो. वाटेत मी मागं बसून मनात म्हणत होते, लोखंड तापलंय, आता वाकेल. माणूस काही एवढा वाईट नाही.

आंबीच्या फाटकासमोर टपरीवर तीच पोरं बसलेली. चहा चाललेला. सोपाननं गाडी हळू केली. मग थांबवली. आपण होऊन थांबवली हं, मी सांगितलं नव्हतं. पाय टेकला, गाडी बंद केली. मी उतरून उभी राहिले, म्हटलं, ह्याला वाटायला नको की एकटा आहे.

सोपाननं तोंड उघडलं. तेवढ्यात त्यातल्या एकानं हाक मारली, "काय काका, कुनीकडनं?"

"तळेगावला गेलतो," सोपान म्हणाला. "मावशीचा बाजार करायचा व्हता."

पोरांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात पिशवीसुद्धा नव्हती.